तो पक्षी कावळा होता का?

दोन मित्र अंगणात बसले आहेत. डोक्यावरून एक पक्षी झर्रकन उडून जातो. पहिला म्हणतो, "हा कावळा असेल तर माझ्या बायकोला तलाक." दुसरा म्हणतो, "हा कावळा नसेल तर माझ्या बायकोला तलाक." पक्षी तर गेला. तो कावळा होता की नव्हता हे आता कोणीच सांगू शकत नाही. मग तलाक कोणाच्या बायकोला झाला?

हे कोडे मी रचलेले नाही. इस्लामी धर्मशास्त्राच्या (त्याला 'फिक्ह' म्हणतात) मध्ययुगीन ग्रंथांत हे उदाहरण येते. आपल्या न्यायशास्त्राच्या पाठशाळांत 'डोंगरावर धूर दिसतो' हे जसे ठरलेले उदाहरण, तसा तिकडचा हा कावळा. नुसत्या तर्काने पाहिले तर दोघांपैकी एकाचा संसार मोडलेलाच आहे, कारण पक्षी एक तर कावळा असणार, नाही तर नसणार. तरीही शास्त्रकारांचे उत्तर असे, की कोणाचाच मोडलेला नाही. दोघांनीही आपापल्या घरी जावे. प्रत्येकाला आपले लग्न झाल्याची खात्री आहे. तलाक झाल्याची मात्र नुसती शंका आहे, आणि शंकेने खात्री जात नाही.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात लढाया आणि तह भरपूर, पण माणसाच्या मनात काय चालले होते याला जागा नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा या कावळ्याची गाठ पडली. त्याच्या मागे हजार-बाराशे वर्षांचे एक दुखणे आहे, ते मात्र हळूहळू कळत गेले.

दुखणे समजायचे तर आधी शब्दाचे वजन समजले पाहिजे. आपल्याकडे पूर्वी लग्न मोडायचे म्हटले तर जातपंचायत, काडीमोड, चार लोकांसमोरचा काही विधी असे. सुन्नी फिक्हच्या चारही पंथांत (हनफी, मालिकी, शाफई, हनबली) नवऱ्याने तलाकचा स्पष्ट शब्द उच्चारला की तो लागू होतो. साक्षीदार लागत नाहीत, बायको समोर असावी लागत नाही. लग्न, तलाक आणि तलाक मागे घेणे या तीन गोष्टी थट्टेत केल्या तरी खऱ्याच धराव्यात, अशी हदीस आहे. स्पष्ट शब्दांखेरीज आडवळणाचे शब्दही आहेत. "जा आपल्या माहेरी" म्हणताना मनात तलाकचा हेतू असेल तर तलाक, नसेल तर ते नुसते भांडण. म्हणजे निवाडा शेवटी माणसाच्या मनात जाऊन बसला.

यावर आणखी एक मजला चढला, तो अटीचा. "तू अमक्याच्या घरी पाऊल टाकलेस तर तुला तलाक." अट पूर्ण झाली की तलाक आपोआप लागू, असे चारही पंथ धरत आले. (शिया जाफरी पंथाने अटीचा तलाक मानलाच नाही, शिवाय तलाकला दोन साक्षीदार लावले. पुढे ज्या दुखण्याविषयी सांगणार आहे, त्याची बरीचशी वाट त्यांनी सुरुवातीलाच बंद केली असे मला वाटते.) अबू हनीफा यांच्या नावावर या संदर्भात एक गमतीची गोष्ट सांगतात. बायको शिडीवर उभी असताना नवरा रागाने म्हणाला, "वर चढलीस तर तलाक, खाली उतरलीस तर तलाक." बाई मध्येच अडकली! अबू हनीफा म्हणाले, चार माणसांनी तिच्यासकट शिडी उचलावी आणि जमिनीवर आडवी ठेवावी. ती चढलीही नाही आणि उतरलीही नाही. विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडत असणार. शिडीवरच्या बाईला किती आवडली असेल, हा वेगळा प्रश्न.

अटीच्या तलाकचा खरा प्रसार झाला तो शपथ म्हणून. आपल्याकडे "तुला माझ्या गळ्याची शपथ" किंवा "माझं मेलं तोंड बघशील" म्हणतात, तसे अरब देशांत "माझ्यावर तलाक" म्हणू लागले. व्यापारी गिऱ्हाइकाला म्हणे, याहून कमी भाव घेतला तर माझ्या बायकोला तलाक. यजमान पाहुण्याला म्हणे, जेवल्याशिवाय गेलास तर माझ्यावर तलाक. इजिप्त, सुदानकडे असे बोलणे आजही ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बायकोला सोडण्याचा विचारही नसतो. उलट ती गमवायची नाही म्हणूनच शपथेला वजन येते.

हे वजन राज्यकर्त्यांच्याही लक्षात आले. उमय्यांचा कडक सुभेदार अल-हज्जाज (मृत्यू ७१४) याने निष्ठेच्या शपथेत तलाक घातला, असे इब्न कय्यिम लिहितात. म्हणजे खलिफाशी बेइमानी केली तर बायको गेली, गुलाम मुक्त झाले, मालमत्ता दान झाली. आता इमाम मालिक यांना फटके का बसले ते पाहा. मदिनेत ७६२ मध्ये अब्बासी खलिफा अल-मन्सूरविरुद्ध बंड झाले. मालिक शिकवत असत, की जबरदस्तीने वदवून घेतलेला तलाक लागू होत नाही. वरवर पाहता हा घरगुती मुद्दा. पण ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ असा घेतला, की जबरदस्तीने घेतलेली राजनिष्ठेची शपथही लागू होत नाही. चरित्रकार सांगतात, की मदिनेच्या सुभेदाराने त्यांना उघडे करून फटके मारले आणि त्यात त्यांचा खांदा निखळला.

आता दुखण्याकडे येतो. ज्या समाजात एका शब्दाने संसार मोडू शकतो, तिथे सरळ, पापभीरू, जरा जास्तच विचार करणाऱ्या माणसाचे काय होईल? त्याला शंका येऊ लागते. मी ते वाक्य बोललो की नुसते मनात आले? ओठ हलले का? 'तर' म्हटले का? बोललो तेव्हा हेतू काय होता? "बरं, जा" म्हणालो त्यात तलाकचा हेतू होता का? अट पूर्ण झाली असेल आणि मला कळलेच नसेल तर? मग मी जिच्याबरोबर राहतो ती माझी बायको आहे का?

अरबीत याला 'वस्वास' म्हणतात, म्हणजे कुजबुज. कुराणाच्या शेवटच्या सूऱ्यात मनात कुजबुजणाऱ्या सैतानापासून रक्षण मागितले आहे, तोच हा शब्द. आपल्या मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: मंत्रचळ. आचमन बरोबर झाले ना, मंत्राचा उच्चार चुकला नाही ना, म्हणून तेच ते पुन्हा करणारे म्हातारे आमच्या लहानपणी गल्लोगल्ली असत. पूजाअर्चेशी संबंध नसलेला, दहा वेळा कुलूप ओढून पाहणारा माणूसही आज 'मंत्रचळी'च म्हटला जातो. डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात ते हेच.

इस्लामी ग्रंथांत वस्वास आधी दिसतो तो पाण्यापाशी. वुजू करताना हात पुन्हा पुन्हा धुणारे, नमाजची नियत मनात नीट बसली नाही म्हणून ती घोकत राहणारे, तोवर इमाम वाकूनही गेलेला. निशापूरच्या अबू मुहम्मद अल-जुवैनी (मृत्यू १०४७) यांनी वस्वासावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, दमास्कसच्या इब्न कुदामा (मृत्यू १२२३) यांनी अशा लोकांची कानउघाडणी करणारी पुस्तिका लिहिली. पण पाणी निदान डोळ्यांना दिसते. हात ओला झाला की झाला. बोलून गेलेला शब्द कुठे शोधायचा? म्हणून तलाकचा वस्वास हा सगळ्यांत वाईट, असे मला वाटते. कितीही आठवले तरी आठवण पुरावा देत नाही. उलट जितके उकरावे तितकी ती गढूळ होत जाते. शिवाय इथे पणाला लागलेले असते ते दुसऱ्या माणसाचे आयुष्य.

याचे एक उदाहरण माझ्या माहितीतले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीला असताना उर्दू शाळेतल्या एका मास्तरांशी माझी मैत्री होती. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, देशावरचे हनफी, हा फरक मला त्यांनीच समजावला. त्यांचा भाचा आखातात नोकरीला. फोनवर बायकोशी वाद झाला. "मला न विचारता माहेरी गेलीस तर..." एवढे तो म्हणाला आणि फोन तुटला की त्यानेच ठेवला, हे त्याला नक्की आठवेना. पुढचे वाक्य आपण पुरे केले का? बहिणीच्या लग्नासाठी ती माहेरी तर गेली होती. त्याने तिथल्या एका मौलवींना विचारले. ते म्हणाले, काही झालेले नाही. आठवडाभर बरे वाटले. मग शंका आली, की मौलवींना आपण सगळे नीट सांगितले का? दुसऱ्यांना विचारले. मग शाफई झाले, हनफी झाले. सुट्टीवर आला तेव्हा घरात न झोपता मामाकडे येऊन राहिला आणि बायकोला कारण सांगेना. तिला वाटले, तिकडे दुसरी कोणी आहे. आठ महिन्यांनी खरे कळले तेव्हा ती मास्तरांना म्हणाली, "मामू, माझ्या लग्नाचा पंचनामा सगळ्या जगाने केला, मला सोडून."

शेवटी गावातल्या वृद्ध मौलवींनी त्याला समोर बसवून सांगितले, "बाबा, तुझं लग्न शाबूत आहे. हा प्रश्न मला पुन्हा विचारायचा नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. विचारलास तर मी उत्तर देणार नाही." मास्तरांना ते तेव्हा जरा कठोर वाटले. भाच्याला पुढे मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, तर त्यांनीही जवळजवळ हेच सांगितले: शंका येईल, येऊ द्या, पण तिचे उत्तर शोधायला जाऊ नका. मंत्रचळावरची ही पद्धत पाश्चात्त्य वैद्यकात १९६० च्या दशकात रुळू लागली. मौलवींनी ती कुठून घेतली हे मला बऱ्याच वर्षांनी वाचताना कळले.

ती फार जुनी आहे. इराकमधल्या कूफा शहरातली आठव्या शतकातली एक गोष्ट ग्रंथांत सांगतात. एक माणूस अबू हनीफा यांच्याकडे आला. म्हणाला, मी बायकोला तलाक दिला की नाही, मला कळत नाही. ते म्हणाले, तू दिलास याची खात्री होईपर्यंत ती तुझी बायको आहे. त्याचे समाधान होईना. तो सुफ्यान अस-सौरी यांच्याकडे गेला. ते म्हणाले, तलाक मागे घेतला असे म्हणून टाक. दिला असशील तर मागे घेतला जाईल, नसशील तर बिघडत नाही. तिसरे शरीक. ते म्हणाले, आधी नक्की तलाक दे, मग मागे घे! माणूस चक्रावून झुफर यांच्याकडे गेला. झुफर म्हणाले, समज तू पन्हळीखालून गेलास आणि अंगावर पाणी पडले. अबू हनीफा म्हणतात, घाण आहे याची खात्री होईपर्यंत कपडे शुद्धच. सुफ्यान म्हणतात, धुऊन टाक, घाण असेल तर जाईल, नसेल तर आणखी स्वच्छ होतील. आणि शरीक म्हणतात, आधी त्यावर लघवी कर, मग धू.

मी ही गोष्ट वाचली आणि मोठ्याने हसलो. पण वाचकहो, त्यात वैद्यकाचे मर्म आहे. सुफ्यान यांचा सल्ला वरकरणी किती समंजस! नुकसान काहीच नाही. साध्या माणसाला तो चालेलही. मंत्रचळी माणसाला मात्र तो विष आहे, कारण मग तो तलाक रोज मागे घेत बसेल, आणि तलाक मागे घेण्याच्या संधी मोजून दोन, म्हणजे पुन्हा मोजणी आली. नंतरच्या काळातही "धर्मभीरूने सावध बाजू धरावी" असा सल्ला देणारे अनेक झाले, आणि मालिकी मतात तर तलाकची संख्या आठवत नसेल तर तीनच धरावेत असे आहे. त्याच मालिकी ग्रंथकारांनी मंत्रचळी माणसाला मात्र वेगळे काढले. त्याला ते 'मुस्तन्कह' म्हणतात. 'निकाह' ज्या धातूपासून आला त्याच धातूचा हा शब्द. म्हणजे शंकेने ज्याच्याशी लग्न लावले आहे असा माणूस! त्याने शंकेकडे लक्षच द्यायचे नाही, असा त्याला वेगळा नियम.

बुखारी (मृत्यू ८७०) यांच्या हदीससंग्रहात तलाकच्या प्रकरणात प्रेषितांचे एक सहकारी उकबा बिन आमिर यांचे मत नोंदले आहे, की वस्वास असलेल्याचा तलाक लागू होत नाही. मनात आलेल्या गोष्टीला, ती बोलली किंवा केली जात नाही तोवर, अल्लाहने माफी दिली आहे, ही हदीस तर सर्वांना माहीत. आणि बल्खच्या अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर आणि मनाच्या आरोग्यावर लिहिताना वस्वासाला राग, दुःख, भीती यांच्या जोडीने मनाचा विकार म्हणून स्थान दिले. म्हणजे हे पाप नसून आजार आहे, हे जाणणारे लोक तेव्हाही होते.

पण शंका यायला जागा देणारी ती अटीची शपथ? तिला हात घालणारा माणूस चौदाव्या शतकात दमास्कसला निघाला, तो म्हणजे इब्न तैमिया (१२६३ ते १३२८). या माणसाची अनेक मते फार कडवी होती आणि आजचे कितीतरी कडवे लोक त्याचे नाव घेतात. म्हणूनच हे प्रकरण वाचून मला आश्चर्य वाटले. त्याचे म्हणणे असे, की ज्याने अट घालताना तलाकचा हेतूच ठेवला नव्हता, नुसती शपथ घेतली होती, त्याचा तलाक होत नाही. त्याने शपथ मोडल्याचे प्रायश्चित्त घ्यावे, म्हणजे दहा गरिबांना जेवू घालावे, ऐपत नसेल तर तीन दिवस उपास करावा, आणि बायकोबरोबर सुखाने राहावे. नाही तर काय होते हेही त्याने पाहिले होते. शपथेत तीन तलाक म्हटले आणि शपथ मोडली की लोक 'हलाला'चा मार्ग धरत, म्हणजे बायकोचे दुसऱ्याशी नावापुरते लग्न लावून तिला परत आणत. या प्रकाराविरुद्ध त्याने मोठा ग्रंथच लिहिला.

मामलुक सुलतान अन-नासिर मुहम्मदच्या हुकमाने १३१८ मध्ये त्याला या विषयावर फतवे द्यायला बंदी झाली. त्याने ऐकले नाही. १३२० मध्ये त्याला दमास्कसच्या किल्ल्यात टाकले. पाच महिने अठरा दिवसांनी, १३२१ च्या सुरुवातीला सोडले. इतिहासकार योसेफ रापोपोर्ट यांनी दाखवले आहे, की तलाकच्या शपथा मामलुक समाजात बाजारापासून दरबारापर्यंत सगळीकडे पसरलेल्या होत्या. त्या पोकळ ठरल्या तर राजनिष्ठेची शपथही पोकळ ठरली असती. इमाम मालिक यांच्या फटक्यांची आठवण होते. इब्न तैमिया पुढे दुसऱ्या वादात कैदेत असतानाच वारला. त्याचा शिष्य इब्न कय्यिम यानेही कैद भोगली. वस्वासावरच्या त्याच्या लिखाणात इब्न कुदामा यांची ती पुस्तिका जवळजवळ सामावली आहे.

चारही पंथांच्या बहुसंख्य पंडितांनी हे मत सहाशे वर्षे नाकारले. मग १९२९ मध्ये इजिप्तने २५ क्रमांकाचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या कलमाने, एखादी गोष्ट करायला किंवा टाळायला भाग पाडण्याच्याच हेतूने घातलेल्या अटीचा तलाक लागू होत नाही, असे ठरवले. पहिल्या कलमाने नशेतला आणि जबरदस्तीचा तलाक रद्द केला. सीरियाने १९५३ मध्ये तेच केले, म्हणजे ज्या दमास्कसमध्ये हे मत मांडले म्हणून कैद झाली, तिथेच ते कायद्यात आले. इराकने १९५९ मध्ये अटीचा आणि शपथेचा तलाक मानणेच बंद केले.

आपल्याकडे हनफी मताचा जोर. औरंगजेबाच्या कारकिर्दीत तयार झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी'त अटीच्या तलाकवर वेगळे प्रकरण आहे आणि त्यात 'जर', 'जेव्हा', 'जेव्हा जेव्हा' या शब्दांचा कीस काढलेला आहे. 'जेव्हा जेव्हा'चा अरबी शब्द 'कुल्लमा'. "मी जेव्हा जेव्हा लग्न करीन तेव्हा तेव्हा त्या बायकोला तलाक" असे कोणी बोलून बसला, तर हनफी मतात ते लग्नाआधी बोललेले असूनही लागू होते. शाफई म्हणतात, लग्नाआधी तलाक कसला? त्यामुळे लग्नच न झालेल्या मुलालाही या वस्वासाने घेरता येते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला आणि २०१९ मध्ये त्यावर कायदा झाला. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला होता, त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी. मात्र या कायद्यात अटीच्या तलाकचा वेगळा उल्लेख नाही. आणि वस्वास झालेला माणूस काही कोर्टात जात नाही. त्याला सरकारने काय म्हटले याची फिकीर नसते, अल्लाहपाशी आपले लग्न उरले आहे का एवढेच त्याला हवे असते. तो मौलवींकडेच जाणार. मौलवी जाणते असले तर त्याला झुफर यांची पन्हळीची गोष्ट सांगतील, आणि घरी जाऊन बायकोशी बोल म्हणतील.